जुना ट्रॅक्टर किती चालतो आणि नेमका कुठं दगा देतो

प्रश्न असा आलाय की तीस-चाळीस वर्षं जुना, ४०-५० एचपीचा डिझेल ट्रॅक्टर घेतला तर तो अजून किती वर्षं काम देईल, त्यातले कमजोर पार्ट कुठले, आणि कुठल्या कंपनीचा घ्यावा. कंपनीचं शेवटी बोलतो, कारण एवढ्या वयाच्या मशीनमध्ये बॉनेटवरच्या नावापेक्षा ते आजवर कुणाच्या हातात होतं याला जास्त किंमत आहे.

आधी हे समजून घ्या की हे ट्रॅक्टर एवढे टिकतात तरी का. जुनं इंजिन स्वतःवर जोर घेतच नाही. मॅसी फर्ग्युसन १३५ मधलं पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बघा, २.५ लिटरचं इंजिन आणि ताकद जेमतेम ४५ एचपी, आरपीएम सव्वादोन हजाराच्या आसपास संपतो, सगळं जाड कास्ट आयर्नचं, टर्बो नाही, सेन्सर नाही. अशा इंजिनाला स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, स्वच्छ ऑईल आणि बरोबर टेंपरेचर मिळालं तर ते दहा-बारा हजार तास सहज काढतं, मग एकदा इंजिन खोलून नव्याने बांधलं की परत तेवढंच. म्हणजे वय हा प्रश्नच नाही. मी इतकी वर्षं हे खोलतोय, खराब झालेलं इंजिन किंवा गिअरबॉक्स टेबलावर आला की बहुतेक वेळा एकच कारण निघतं, जे जिथं नको ते तिथं शिरलेलं असतं. इंजिनात धूळ, ऑईलमध्ये पाणी, ऑईलमध्ये डिझेल, क्लचवर ऑईल, गिअर ऑईलमध्ये पावसाचं पाणी, डिझेलमध्ये गंज.

आणि लोक ट्रॅक्टर बघायला जातात तेव्हा नेमकं उलटं बघतात, खाली वाकून बाहेर काय गळतंय ते बघतात. बाहेर थोडं ऑईल पाझरत असेल तर ते दिसतं, मोजता येतं, टॉपअप करून कित्येक वर्षं काढता येतात. आत शिरणारं दिसत नाही, म्हणून ते शोधावं लागतं. खाली जे सांगतोय ते सगळं त्या शोधाचंच आहे.

सगळ्यात आधी धूळ, कारण सगळ्यात जास्त इंजिनं हिनंच खाल्लीत. शेतातल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ, लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या लोखंडापेक्षा कडक. फिल्टर चुकवून ती आत गेली की पिस्टनच्या रिंगांबरोबर वरखाली होत लायनर घासत राहते, आणि हे सगळं आवाज न करता होतं, नवीन बांधलेलं इंजिनसुद्धा एका सीझनमध्ये ऑईल प्यायला लागतं. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा ऑईल बाथ एअर क्लीनर असतो, खाली वाटी, त्यात ऑईल, वर जाळी. ही सिस्टिम चांगली आहे पण तिला हात लावावा लागतो, आणि तिथंच सगळे कंटाळा करतात. वाटी काढून बोट घाला, तळाला घट्ट चिखल बसलेला असेल आणि वर बोटभरच ऑईल उरलं असेल तर समजायचं की हवा कित्येक महिने नुसती वरवर धुऊन आत गेलीय. उलट खुणेच्या वर ऑईल भरलं तरी वाईट, इंजिन ते ऑईल खेचून घेतं आणि त्यावरच रेस व्हायला लागतं, मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, तेव्हा हवेचं तोंड फळीने बंद करणं हाच उपाय असतो (हात लावू नका, कपडाही नको, दोन्ही खेचले जातात).

पण वाटीपेक्षा मोठा चोर म्हणजे क्लीनर आणि इंजिनच्या मधला रबरी पाईप. त्याला खालच्या बाजूला, जिथं नजर जात नाही तिथं, भेग पडते, किंवा क्लिप सैल होते, आणि मग फिल्टर कितीही चांगला असला तरी हवा मधूनच शिरते. तपासायचं सोपं आहे: पाईप इंजिनच्या बाजूने सोडवा, पांढरा कोरडा कपडा बोटाला गुंडाळा आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) तोंडातून आतून फिरवा. कपडा साफ किंवा नुसता तेलकट काळसर निघाला तर ठीक. बोटाला कचकच लागली, मातीच्या रंगाचा डाग आला, तर त्या इंजिनाने धूळ खाल्लीय आणि किंमत ठरवताना लायनर-पिस्टन-रिंगांचा सगळा खर्च धरूनच बोला. एवढं एक केलं तरी विकणाऱ्याच्या निम्म्या बोलण्याची गरज उरत नाही.

त्याच्या जोडीला ब्रीदर बघा, म्हणजे इंजिनच्या पोटातून किती धूर-वाफ बाहेर येते ते. इंजिन चांगलं गरम करून थोडा लोड देऊन आणलं, मग ऑईल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर सैल ठेवलं. हलकी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनाला येते, त्याला घाबरू नका. झाकण उड्या मारायला लागलं किंवा धक्क्याधक्क्याने निळसर धूर येत राहिला तर कॉम्प्रेशन रिंगांवरून खाली उतरतंय.

आता पाणी. ट्रॅक्टर बघायला सकाळी जा, आणि आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका, रात्रभर उभं राहू द्या. गेल्यावर सगळ्यात आधी सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डला हात लावायचा, गरम लागला तर त्यांनी तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवलंय, म्हणजे थंड स्टार्टिंगला काहीतरी लपवायचं आहे. गार असेल तर मालकाची परवानगी घेऊन चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल करायचा, काढायचा नाही, पहिला थेंब येईपर्यंतच. पाणी ऑईलपेक्षा जड, रात्रभरात ते तळाला बसतं, त्यामुळे आत पाणी असेल तर पहिले थेंब पाण्याचेच येतात, हिरवट किंवा गंजकट, मग मागून ऑईल. डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या काडीवर, दुधासारखं ऑईल दिसायची वाट बघू नका, तोपर्यंत बेरिंगांनी बरंच सोसलेलं असतं. एकदा एक नुकताच रंगवलेला, सीट नवीन, टायर काळे केलेले, असा ट्रॅक्टर माझ्यासमोर होता, डिपस्टिक मधासारखी स्वच्छ कारण ऑईल कालच बदललेलं, आणि बोल्टाला पाव फेरी दिल्यावर वाटीत आधी अर्धी वाटी पाणी पडलं. घ्यायला आलेला माणूस माझ्याकडे बघत राहिला, मालक दुसरीकडे.

हे पाणी कुठून येतं? ओल्या लायनरच्या इंजिनात, म्हणजे जिथं पाणी थेट लायनरच्या बाहेरून फिरतं, तिथं लायनरच्या तळाला रबरी रिंगा असतात, त्या उष्णतेने कडक होतात आणि पाणी चेंबरमध्ये झिरपतं. दुसरं कारण जास्त खोडसाळ आहे. प्रत्येक स्फोटाला लायनर बाहेरच्या बाजूला किंचित थरथरतो, त्या थरथरीने पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते लायनरला लागूनच फुटतात, एकेक बुडबुडा लोखंडाचा कण उडवतो. वर्षानुवर्षं असं झालं की लायनरच्या बाहेरून सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात, शेवटी एक आरपार जातं. रेडिएटरमध्ये नुसतं बोअरचं पाणी भरणाऱ्यांच्या इंजिनात हे लवकर होतं. कूलंटमध्ये जे केमिकल असतं ते लायनरवर पातळ थर धरतं आणि तो थर हे बुडबुडे झेलतो, म्हणून कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं, जिथं कधीच थंडी पडत नाही तिथंही ते लागतंच, आणि दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. फोर्ड ५००० च्या पिढीच्या इंजिनांत तर लायनरच नसतो, पिस्टनचा बोअर थेट ब्लॉकमध्ये, त्यामुळे तिथं भोक पडलं तर ब्लॉक बोअर करून स्लीव्ह बसवावी लागते, काम मोठं होतं. पर्किन्सच्या त्या तीन सिलिंडरला कोरडे लायनर, म्हणजे पाणी लायनरला लागतच नाही, त्याला हा त्रास नाही, त्याचं पाणी येतं ते हेड गॅस्केटकडून.

याच ओघात थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हचं, बोलतो, कारण हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. इंजिन गरम होतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. गरम होण्याचं कारण असतं रेडिएटरच्या जाळीत बसलेलं भुसकट, आतला क्षार, सैल पट्टा किंवा झिजलेला वॉटर पंप, आणि शिक्षा होते थर्मोस्टॅटला. इंजिनाला ८० डिग्रीच्या आसपास राहायचं असतं. ते कायम पन्नास-साठला चाललं की डिझेल नीट जळत नाही, लायनरवरचं ऑईल धुतलं जातं, चेंबरमध्ये गाळ साचतो, लायनर लवकर झिजतो, आणि मालक खूश असतो की काटा वर जात नाही. ट्रॅक्टर बघताना अर्धा तास चालवूनही काटा वर आलाच नाही तर विचारा थर्मोस्टॅट आहे का.

ऑईलमध्ये डिझेल शिरणं त्याहून फसवं. डिपस्टिकवरची लेव्हल कमी होत नाही तर वाढते, आणि मालक अभिमानाने सांगतो की "आमचं इंजिन थेंबभर ऑईल खात नाही". लेव्हल खुणेच्या वर असेल तर डिपस्टिक नाकाला लावा, डिझेलचा वास लगेच कळतो, आणि बोटांमध्ये चोळलं तर पातळ पाण्यासारखं लागतं. कारण बहुधा दोनच, फीड पंपाचा पडदा फाटलेला किंवा नोझलला डिझेल देणाऱ्या रोटरी पंपाच्या शाफ्टचं सील गेलेलं, दोन्हीकडून डिझेल गुपचूप टायमिंगकडून किंवा थेट चेंबरमध्ये उतरतं. पडदा स्वस्त आहे, सीलही स्वस्त आहे. महाग आहे ते त्या पातळ ऑईलवर चाललेलं क्रँक आणि बेरिंग. म्हणून ऑईल प्रेशर गरम इंजिनावर, स्लो रेसला बघायचं, थंड इंजिनावर सगळ्यांचाच काटा उभा असतो, आणि जमलं तर डॅशबोर्डच्या मीटरवर विश्वास न ठेवता हातातलं गेज लावून बघायचं.

क्रँकचं अजून एक, जे फारसं कुणी बघत नाही. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा-सोडायचा आणि दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली पुढे-मागे सरकायला नको, खरी चाल मिलिमीटरच्या दशांशात असते, ती डोळ्याला दिसत नाही. सरकताना दिसली, 'ठक' आवाज आला, तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर गेलेत. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवणाऱ्यांचं हे काम. हे दुर्लक्षित राहिलं तर वॉशर खाली पडतो, क्रँक ब्लॉकला घासतो आणि मग ब्लॉकच वाया जाऊ शकतो. मी तरी असा ट्रॅक्टर, बाकी कितीही चांगला असला तरी, इंजिन उतरवायचं धरूनच घेतो.

मागे चला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे, क्लच हाऊसिंगच्या अगदी तळाला एक छोटं भोक असतं, त्यात बहुतेक वेळा कॉटर पिन लटकत असते, ती हलत राहून भोक मोकळं ठेवते. अख्ख्या ट्रॅक्टरवर एवढं खरं बोलणारी दुसरी जागा नाही. भोक कोरडं, पिन धुळीने माखलेली असेल तर उत्तम. थेंब असेल तर बोटावर घ्या: काळा म्हणजे इंजिनचं ऑईल, क्रँकचं मागचं सील गेलंय, सोनेरी किंवा पिवळसर, जरा जाड म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. दोन्हीपैकी काहीही बदलायचं तर ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, सील स्वस्त आणि मजुरी मोठी, आणि एकदा तोडला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, पायलट बेरिंग सगळं एकदमच बदलून घ्यावं, परत परत कोण तोडणार. आणि भोक बंद केलेलं असेल, बोल्ट ठोकलेला, एम-सील लावलेलं, तर तिथून शांतपणे घरी या. बंद केलं की थेंब खाली पडत नाही, दिसायला छान दिसतं, ऑईल आत साचतं, फ्लायव्हील ते उडवतं आणि क्लच प्लेट भिजते. असा एक बोल्ट मी काढला तेव्हा आतून जे आलं त्याने ट्रे भरला. ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरला पीटीओची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) प्लेटही तिथंच असते, तीही भिजते, मग लोक म्हणतात रोटाव्हेटर ओढत नाही, इंजिन कमजोर झालंय, आणि नोझल-पंप खोलत बसतात.

गिअरबॉक्स स्वतः फार क्वचित मरतो. मरतो तो गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी बूटमुळे. उघड्यावर उभा ट्रॅक्टर, पाऊस लिव्हरवरून ओघळत आत जातो, थोडं थोडं करत, आणि बेरिंगांना गंज चढतो. डिपस्टिक किंवा लेव्हल बोल्ट काढून ऑईलचा रंग बघा, राखाडी-दुधाळ असेल तर पाणी आहे. चालवताना प्रत्येक गिअरमध्ये लोड द्या आणि एकदम रेस सोडा, उतारावरही बघा, गिअर स्वतःहून बाहेर पडत असेल तर दात किंवा फोर्क झिजलाय. रोजच्या वापरातला नांगराचा आणि ट्रॉलीचा गिअर आधी जातो, रिव्हर्सही, कारण रिव्हर्सला माणूस ट्रॅक्टर पूर्ण थांबायच्या आत टाकतो.

हायड्रॉलिकवर जरा थांबतो, जुन्या ट्रॅक्टरची सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. हॅरी फर्ग्युसनने अवजार तीन पॉईंटवर जोडायची आणि ओढीप्रमाणे ते आपोआप वर-खाली करायची (ड्राफ्ट कंट्रोल) जी पद्धत आणली आणि १९३९ च्या फोर्ड ९एन वर जगभर गेली, तीच कमी-जास्त फरकाने आज आपण वापरतो. फर्ग्युसनच्या घराण्यातल्या ट्रॅक्टरांत पंप गिअरबॉक्सच्या पोटातच, त्याच ऑईलमध्ये बसलेला असतो. म्हणजे गिअरच्या झिजेचा लोखंडी भुगा, पावसाचं पाणी, अवजाराच्या पाईपमधून आलेली माती, सगळं त्याच पंपातून फिरतं. गिअर एकवेळ घाण ऑईल सोसतात, पंपाचे व्हॉल्व्ह नाही सोसत. त्यामुळे लिफ्ट खराब झाली की आधी ऑईल आणि जाळी बघा, पंप नंतर.

टेस्ट नेहमी गरम ट्रॅक्टरवर. थंड जाड ऑईलवर झिजलेला पंपही नांगर उचलतो, ते बघून लोक पैसे देऊन येतात. अर्धा-पाऊण तास काम करून घ्या, मग सगळ्यात जड अवजार लावून वर उचला आणि इंजिन स्लो ठेवा. अवजार वर शांत उभं राहिलं तर छान. हात थोडे खाली येतात, परत झटका देऊन वर जातात, परत खाली, असं डोकं हलवायला लागलं तर आत कुठेतरी प्रेशर सुटतंय, लिफ्ट सिलिंडरची रिंग, व्हॉल्व्ह किंवा पाईपचं सील. मग इंजिन बंद करा आणि बघा किती वेळात खाली बसतं. काही मिनिटांत थोडं उतरणं जुन्याला माफ आहे, चावी फिरवताच धप्प बसणं नाही. उचललेल्या अवजाराखाली हात-पाय घालून काही तपासू नका, कितीही घाई असली तरी.

आणि ड्राफ्ट कंट्रोल. टॉपलिंक, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा, जिथं जोडतो तिथं मागे स्प्रिंग असते, तिच्यावरच्या दाबाने लिफ्टला कळतं की नांगराला किती ओढ पडतेय. ती यंत्रणा हाताने हलवल्यावर खडखडत असेल तर नांगर कधी खोल जातो कधी वर येतो, आणि ड्रायव्हर दिवसभर लिव्हरशी झगडत बसतो. बहुतेक वेळा नुसतं ॲडजस्टमेंट असतं, पार्ट बदलायचीही गरज पडत नाही. हे कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं, कारण नांगरटीचा सगळा आनंद त्यातच आहे.

सांगाड्याचं बोलायचं तर या ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते, इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले, तेच हाड. पुढे लोडर लावून चालवलेला असेल तर सगळा झटका इंजिन आणि क्लच हाऊसिंगच्या जोडावर आणि पुढच्या एक्सलच्या सपोर्टवर येतो. तिथं बॅटरी लाऊन बारकाईने बघा, वेल्डिंगची रेघ, नव्या रंगाचा पट्टा, ओला दिसणारा जोड. कास्ट आयर्नवरचं वेल्डिंग फार कमी लोकांना नीट जमतं. पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा, किंगपिनचा बुश, हब बेरिंग, टायरॉड आणि मधली पिन वेगवेगळी ओळखू येतात. इथं दोष सापडला तर फार मनावर घेऊ नका, या सगळ्या वस्तू ग्रीस न मिळाल्याने झिजतात, बदलल्या की संपलं. स्टिअरिंग बॉक्सची ढिलाई मात्र आधी ॲडजस्ट करून बघा, नाही गेली तर खर्च आहे.

ब्रेक: दोन्ही पेडल लॉक करून एकदम दाबा, ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल आणि दुसऱ्या बाजूचं चाक तेलकट असेल तर मागच्या एक्सलचं सील गेलंय आणि ऑईल लायनिंगवर येतंय, हे ड्राय ब्रेकवाल्यांत. नुसती लायनिंग बदलून देतो म्हणणाऱ्याला सील आधी बदलायला लावा. पीटीओ शाफ्टचे दात बोटाने चाचपा, एका बाजूने धारदार झाले असतील तर कपलिंग टिकणार नाही. त्यावरचं गार्ड नसेल तर घ्यायच्या दिवशीच बसवा. आणि रोलबार, ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी लोखंडी कमान. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना तो सक्तीचा केला, तरी कित्येक जुने ट्रॅक्टर आजही त्याच्याशिवाय फिरतायत. ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत, तुमच्या मॉडेलला योग्य रोलबार आणि बेल्ट मिळत असेल तर टायरच्या आधी तो घ्या.

डिझेलची लाईन. टाकीच्या तळाला गंज आणि पाणी असतंच, ड्रेन करून बघा. पंप आणि नोझलचे पार्ट इतके बारीक बसवलेले असतात की पाण्याचा थेंबसुद्धा त्यांना गंजवून जाम करतो. जुन्या काही रोटरी पंपांत, रूझा मास्टर प्रकारच्या, गव्हर्नरमध्ये (इंजिनची रेस सांभाळणाऱ्या भागात) एक लवचिक रिंग असते, ती वयाने भुसा होते आणि तिचे काळे कण रिटर्नच्या फिटिंगमध्ये अडकतात, मग इंजिन वर-खाली रेस मारतं. फिटिंग काढून काळा भुगा दिसला की पंप खोलायचाच. कमी सल्फरचं डिझेल आल्यापासून जुनी रबरी सीलंही आकसून पाझरायला लागतात, नवीन किटमध्ये ती चांगल्या रबराची येतात. आणि एक फुकटातला उपाय: ट्रॅक्टर सुरू होतो, अर्धा तास छान चालतो, मग दम सोडून बंद, थोड्या वेळाने परत चालू, असं होत असेल तर बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. 'स्सस' असा हवा आत गेल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, बास. याच्यासाठी पंप बदललेले लोक आहेत.

वायरिंगवर फार वेळ घालवू नका, जुन्या ट्रॅक्टरचं वायरिंग एका दिवसात नवं होतं. सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरी घ्यायच्या आधी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी सेल्फच्या बॉडीला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंगची पट्टी आणि तिच्याखालचा रंग-गंज साफ करा. टायरात पाणी भरलेलं असेल आणि त्यात कॅल्शियम क्लोराईड असेल तर व्हॉल्व्हच्या भोवती रिम आतून कुजलेली असू शकते, तिथं टोकदार हातोडीने टकटक करून बघा.

तासांचं मीटर बघून भाव करू नका. जुनी मेकॅनिकल मीटरं इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात, ठरलेल्या आरपीएमला घड्याळाबरोबर, त्याच्या खाली हळू, आणि केबल तुटली की बंदच. पेडलवरचं झिजलेलं लोखंड, ड्रॉबारचं लांबट झालेलं भोक, लोअर लिंकचे बॉल, हे खोटं बोलत नाहीत.

कमी तास चाललेला पण दहा वर्षं उभा ट्रॅक्टर मला जास्त चाललेल्यापेक्षा जास्त भीती देतो. उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, रिंगा लायनरला धरतात, पंपाचा प्लंजर जाम होतो, उंदीर वायरी खातात आणि एअर क्लीनरमध्ये घर करतात. तो सुरू करायच्या आधी नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडून एक दिवस ठेवा, मग हाताने फिरवा, लगेच सेल्फ मारू नका. आणि तुमचा ट्रॅक्टर सीझननंतर उभा राहणार असेल तर क्लच पेडल दाबून लाकडाचा ठोकळा लावून ठेवा, सायलेन्सरच्या तोंडावर डबा.

आता कंपनी. ज्याचे पार्ट तुम्हाला दोन दिवसांत मिळतात आणि जे तुमच्या मेकॅनिकने आधी खोललंय ते घ्या. त्यात मॅसी १३५ च्या घराण्याला तोड नाही, कारण त्यांच्या ट्रॅक्टरांवरून परवान्याने युगोस्लाव्हियात आयएमटी, पोलंडमध्ये उर्सुस, भारतात टाफे असे ट्रॅक्टर बनत राहिले, पार्ट कधी संपलेच नाहीत. त्याच्या आधीच्या मॅसी ३५ मध्ये मात्र बघून घ्या, सुरुवातीला त्यात चार सिलिंडरचं स्टँडर्ड २३सी डिझेल होतं, ते थंडीत सुरू व्हायला कुरकुर करतं, नंतर आलेलं तीन सिलिंडरचं पर्किन्स त्याहून कितीतरी बरं. फोर्ड २०००-३००० दणकट, फक्त क्लच न दाबता गिअर बदलायची सिलेक्ट-ओ-स्पीड सिस्टिम असलेला टाळा, तिची कामं येणारा माणूस शोधणंच अवघड, साधा गिअरवाला घ्या. इंटरनॅशनल बी-२७५ आणि त्यावरून निघालेले, झेटर, बेलारूस, यांना मी नाव ठेवणार नाही, जड आहेत, साधे आहेत, सोसतात.

घेतला की पहिल्या आठवड्यात काम करू नका. सगळी ऑईलं बदला, इंजिन, गिअर-हायड्रॉलिक, स्टिअरिंग, ऑईल बाथची वाटीसुद्धा. डिझेल फिल्टर, कूलंट, सगळे पट्टे-पाईप, टॅपेट, आणि प्रत्येक ग्रीस निपल उघडं आहे का ते बघत जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत ग्रीस मारा. इंजिनचं ऑईल पन्नास तासांनी परत एकदा बदला, कारण नवं ऑईल आतला जुना गाळ सोडवतं आणि फिल्टर लवकर भरतो, त्यानंतर दर २००-२५० तासांनी. गिअरबॉक्सचं ऑईल काढताना मात्र घाई नको, ट्रे स्वच्छ धुतलेला घ्या आणि ऑईल गरम असतानाच सोडा म्हणजे तळाची घाण सोबत येते. ड्रेन बोल्टाला मॅग्नेट असेल तर त्यावरचा लेप बोटांमध्ये चोळा. मऊ, राखाडी, पेस्टसारखा असेल तर ती वयाची झीज आहे, पुसून बोल्ट परत लावा. त्यात नखाएवढा तुकडा निघाला आणि त्याची एक बाजू गुळगुळीत चकाकत असेल तर तो गिअरचा दात आहे, नवं ऑईल भरू नका, वरचं झाकण खोला.